जोर नको, दम धरा: जुन्या आउटबोर्ड मोटरचे जाम झालेले भाग सोडवायचे कसे?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीबंदीचे. लहान होड्यांना नियमात थोडीफार सवलत असली, तरी पावसाळी दर्या बघून बहुतेक जण मोटर उतरवतात, पडवीत किंवा खोपीत टेकून ठेवतात आणि वर एक ताडपत्री टाकतात. मग नारळी पौर्णिमा जवळ येते, ताडपत्री निघते आणि दोरी ओढायला गेलं तर ती हलत नाही. तेरेखोलपासून शापोरा, मांडवी, बेतूल ते कारवारच्या काळी नदीपर्यंत, जिथे जिथे होडीला मागे मोटर लागते, तिथे हे चित्र ओळखीचं आहे. गॅरेजच्या दारात मग बोलणं होतं ते साधारण असं:

"मेस्त्री, दोरी ओढेना."

"किती जणांनी ओढून बघितली?"

"तिघांनी. पाइप लावून पण फिरवली."

"मग आता काम एक नाही, दोन झाली."

यातला विनोद सोडला तर मुद्दा खरा आहे. जाम झालेली मोटर बहुतेक वेळा सुटते. मोडते ती सोडवताना लावलेल्या जोराने. बोल्टचं डोकं तुटतं, कास्टिंगला तडा जातो, फ्लायव्हील वाकतं. मूळ बिघाड दोन दिवसांत आणि थोड्या तेलात निघाला असता, तो कायमचा होऊन बसतो.

जुन्या मोटरसाठी एवढं का करायचं?

हिशेब सोपा आहे. नवी ९.९ हॉर्सपॉवरची मोटर घ्यायची तर लाखाच्या पुढे जावं लागतं. वडिलांच्या वेळची टू-स्ट्रोक मोटर बांध्याला दणकट असते, आत इलेक्ट्रॉनिक्स फारसं नसतं आणि रोज वापरात असली तर वर्षानुवर्षं चालते. अडचण येते ती भागांची. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने अमेरिकेतल्या मिलवॉकी इथे १९०९ मध्ये आउटबोर्डचा धंदा सुरू केला. त्याच्या नावाच्या आणि जॉन्सन नावाच्या मोटरी पुढे एकाच छत्राखाली आल्या आणि जगभर पसरल्या. ती मूळ कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढच्या मालकाने नाव चालू ठेवलं, पण २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादनही बंद केलं. यामाहाची पहिली आउटबोर्ड १९६० ची. ती कंपनी जोरात आहे, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलचं प्रत्येक कास्टिंग आज मिळेलच असं नाही.

म्हणजे रिंग, सील, गॅस्केट, इम्पेलर हे शोधून सापडतं किंवा जुळवून घेता येतं. ब्लॉक फुटला किंवा लोअर युनिटचा कान तुटला, तर दुसरी तशीच मेलेली मोटर शोधण्याशिवाय मार्ग उरत नाही. म्हणून या कामाचा पहिला नियम असा: बोल्ट गेला तरी चालेल, कास्टिंग जाता कामा नये.

जाम होतं म्हणजे नेमकं काय होतं?

बाहेरून सगळं सारखंच दिसतं, पण आत चार वेगवेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात. कोणती घडली ते कळलं की उपाय आपोआप ठरतो.

पहिली, तांबडा गंज. लोखंडावर लोखंड किंवा पोलादावर पोलाद असेल तिथे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्यामुळे फटीत तो पाचरीसारखा बसतो. सिलिंडरच्या बिडाच्या स्लीव्हला चिकटलेल्या पिस्टन रिंग आणि ड्राइव्ह शाफ्टचे दाते ही याची नेहमीची ठिकाणं.

दुसरी, पांढरी भुकटी. आउटबोर्डमध्ये जास्त त्रास हाच देते. मोटरचं अंग अॅल्युमिनियमचं आणि बोल्ट स्टेनलेसचे. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे बारीकशी बॅटरीच तयार झाली. या बॅटरीत झिजतं ते अॅल्युमिनियम. झिजून त्याची पांढरी, कडक भुकटी होते आणि ती आट्यांमध्ये सिमेंटसारखी भरते. बोल्ट वरून चकचकीत दिसतो म्हणून माणूस फसतो. बोल्टला काहीच झालेलं नसतं, त्याच्या भोवतीची भिंत फुगलेली असते.

तिसरी, सुकलेलं मीठ आणि आटलेलं ग्रीस. मोटर डावी-उजवीकडे वळवायची नळी, वर उचलायची कडी, गिअरची दांडी इथे हे होतं. यात धातू चिकटलेला नसतो. त्यामुळे हा प्रकार सगळ्यात सोपा.

चौथी, तेलाविना चाललेली मोटर. पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं किंवा थंड पाण्याचा मार्ग बंद झाला, तर पिस्टनचं अॅल्युमिनियम वितळून स्लीव्हला चोपडलं जातं. हे गंजणं नव्हे. यात तेल टाकून पिस्टन सुटला तरी मोटर तशीच चालू करता येत नाही. खोलून बघावीच लागते.

पाना लावण्याआधी

जो भाग जाम वाटतो तो खरंच जाम आहे का, हे आधी ठरवा. अनेकदा एखादा न दिसलेला बोल्ट त्याला धरून असतो. लोअर युनिट उतरवताना हे फार होतं. प्रोपेलरच्या वर मागच्या बाजूला जो लहान पंखासारखा तुकडा असतो, तो काढल्यावर बऱ्याच मॉडेलमध्ये त्याच्या खाली आणखी एक बोल्ट लपलेला निघतो. काही मोटरींमध्ये गिअरच्या दांडीचा सांधा आधी सोडवावा लागतो, आणि तो पायाच्या बाजूच्या झाकणामागे किंवा थेट पॉवरहेडखाली असतो. हे न बघता छिन्नी मारली तर कान तुटणार, हे ठरलेलं.

दुसरी तपासणी, अडलंय कुठे? फ्लायव्हील फिरत नाही म्हणजे पिस्टनच जाम, असं नाही. मोटर न्यूट्रलमध्ये टाकून बघा. तरी फिरत नसेल तर लोअर युनिट उतरवा आणि पुन्हा बघा. आता वरचं फिरलं, तर दोष खाली गिअरमध्ये किंवा पाण्याच्या पंपात आहे. पिस्टनवर आठवडाभर तेल ओतत बसायची गरज नाही.

खोलताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. बोल्ट पुठ्ठ्यावर मोटरचं चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवा. लांबी एकसारखी दिसली तरी नसते. लांब बोल्ट आखूड जागी गेला की तो आतल्या पाण्याच्या वाटेपर्यंत पोचतो.

बोल्ट: तेल, ठोका, ऊब

अडलेल्या बोल्टला तीन गोष्टी लागतात, आणि त्या याच क्रमाने.

*तेल.* आधी तारेच्या ब्रशने बोल्टभोवतीचं मीठ आणि रंग खरवडून काढा, नाहीतर तेल आत जायला वाटच नसते. मग गंज सोडवणारा कुठलाही चांगला स्प्रे मारा. घरचा उपाय म्हणून पॉवर स्टिअरिंगचं पातळ तेल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात. दोन्ही नीट एकजीव होत नाहीत म्हणून दर वेळी बाटली हलवून घ्यावी. अॅसिटोन भडकन पेटतं, रंग आणि रबर खातं, त्यामुळे थेंब थेंब टाकायचं आणि आसपास ज्योत नको. खरं औषध मात्र वेळ आहे. संध्याकाळी तेल, सकाळी तेल, पुन्हा संध्याकाळी तेल. दोन दिवस तरी पाना हातात घेऊ नये.

*ठोका.* बोल्टच्या डोक्यावर सरळ, मध्यम वजनाच्या हातोडीने नेटके ठोके द्या. जोरात एक घालण्यापेक्षा हलके वीस बरे. या धक्क्याने आतली भुकटी तडकते आणि तेलाला वाट मिळते. हातोडी मारली की वळणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर जुन्या बाइकच्या गॅरेजमध्ये असतो. स्क्रूच्या खाचा असतील तिथे तो फार उपयोगी. सॉकेट सहा कोनांचाच वापरा. बारा कोनांचा सॉकेट टोकांवर धरतो आणि डोकं गोल करून ठेवतो.

फिरवायला सुरुवात करताना आधी किंचित आवळायच्या बाजूला दाबा, मग सोडायच्या. हललं तर लगेच पूर्ण काढायला जाऊ नका. पाव फेरा सोडा, परत आवळा, तेल टाका, पुन्हा थोडं जास्त सोडा. भुकटी आट्यांमधून बाहेर यायला वेळ लागतो. एका दमात बाहेर ओढलेला बोल्ट अॅल्युमिनियमचे आटे सोबत घेऊन येतो.

हाताला काय जाणवतं याकडे सगळं लक्ष असू द्या. करकर आवाज येत फिरला तर ते चांगलं चिन्ह. पण पाना फिरतोय, आवाज नाही, आणि रबर पिळल्यासारखा मऊ लागतोय, तर तिथेच थांबा. बोल्ट सुटत नाहीये, पिळतोय. आणखी पाव फेऱ्यात तो तुटेल.

*ऊब.* तेल आणि ठोक्याने भागलं नाही तर आच. यामागचं गणित साधं आहे. १०० मिलिमीटर लांबीचा तुकडा १०० अंश सेल्सिअसने तापवला तर अॅल्युमिनियम सुमारे ०.२३ मिलिमीटर वाढतं, स्टेनलेस ०.१७ आणि साधं पोलाद ०.१२. म्हणजे भोक बोल्टपेक्षा जास्त वाढतं. ८ मिलिमीटरच्या बोल्टला हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाही येत नाही, पण भुकटीचा कवच फोडायला तेवढा पुरतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, आच बोल्टला नाही, त्याच्या भोवतीच्या अॅल्युमिनियमला द्यायची. दुसरी, स्टेनलेस आणि अॅल्युमिनियममधला फरक कमी असल्यामुळे स्टेनलेसचा बोल्ट जास्त हट्टी असतो. त्याला तापवणं आणि गार होऊ देणं दोन-तीनदा करावं लागतं.

किती तापवायचं? पाण्याचा थेंब टाकला आणि तो चर्र करून उडाला की पुरे. लोखंड लाल होतं म्हणून कळतं. अॅल्युमिनियम लाल होत नाही, अंदाज न देता एकदम खाली गळतं. हे वितळणं ६०० अंशांच्या आसपास होतं आणि लहान टॉर्चने पातळ कान तिथपर्यंत सहज पोचतो. ज्योत एका जागी धरू नका, फिरती ठेवा. सील, रबर, कॉइल, वायरी जवळ असतील तर ज्योतीऐवजी गरम हवेची गन बरी.

तापलेल्या बोल्टवर मेणबत्तीचं टोक टेकवायची जुनी युक्तीही कामाची. मेण वितळून आट्यांमध्ये ओढलं जातं आणि वंगण म्हणून आतच राहतं.

एक सूचना सोडून चालणार नाही. ज्योत पेटवण्याआधी पेट्रोलची टाकी, नळी आणि कार्बुरेटर काढून लांब ठेवा. स्प्रे किंवा अॅसिटोन मारलं असेल तर ते पूर्ण उडू द्या. काम उघड्यावर करा आणि बाजूला वाळूची बादली ठेवा.

तुटलाच तर

डोकं तुटून थोडा दांडा वर राहिला असेल तर नशीब चांगलं. त्यावर एक नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्या. पोलादाची वेल्डिंग अॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे भोवतालच्या कास्टिंगला चिकटण्याची भीती कमी. वेल्डिंगची आच आतपर्यंत जाते ती वेगळीच मदत. नट थोडा गार झाला की हळूहळू फिरवा. पहिल्यांदा नाही जमलं तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा नट चढवा.

बोल्ट आतच तुटला असेल तर ड्रिल. घाई केली की मोटर जाते ती इथेच. बोल्ट कडक आणि भोवतालचं अॅल्युमिनियम मऊ, त्यामुळे ड्रिलचं टोक घसरून मऊ बाजूला जातं. भोक वाकडं झालं की सरळ करता येत नाही. आधी तुटलेलं टोक कानशीने सपाट करायचं, अगदी मध्यावर पंच मारायचा, ३ मिलिमीटरच्या ड्रिलने सुरुवात करायची. उलट्या दिशेने कापणारं ड्रिल मिळालं तर उत्तम. कधी कधी भोक पाडता पाडताच तुकडा फिरून बाहेर येतो.

भोकात ठोकून उलटं फिरवायचा जो एक्स्ट्रॅक्टर बाजारात मिळतो, त्यापासून शक्यतो लांब राहा. मजबूत बोल्ट जिथे तुटला, तिथे त्याहून बारीक एक्स्ट्रॅक्टर किती जोर सोसणार? तो आत तुटला की साध्या ड्रिलने कापला जात नाही, इतका तो कडक असतो.

आटे खराब झाले तर घाबरायचं कारण नाही. भोक मोठं करून त्यात तारेचे नवे आटे बसवता येतात. हेलिकॉइल म्हटलं की लेथवाल्याला कळतं. नीट बसवले तर ते मूळ अॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त टिकतात.

पिस्टन अडकला असेल तर

प्लग काढा. मोटर अशी टेकवा की प्लगच्या भोकातून ओतलेलं तेल पिस्टनच्या डोक्यावर साचून राहील. जुन्या मोटरीत सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे उभ्या मोटरीत तेल एका बाजूलाच साचतं आणि रिंगच्या वरच्या अर्ध्या भागाला पोचतच नाही. मोटर आडवी झोपवून प्लगची बाजू वर घ्या. मग वरचंच मिश्रण किंवा डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओता. रोज बघा. पातळी उतरली असेल तर आनंद माना, याचा अर्थ तेल रिंगांमधून खाली जातंय.

चार-पाच दिवसांनी फ्लायव्हीलचा काठ दोन्ही हातांनी धरून हलवून बघा. दोरी ओढू नका आणि स्टार्टर तर लावूच नका. केसभर जरी हललं तरी लढाई अर्धी जिंकली. तेवढंच पुढे-मागे, रोज थोडं थोडं. जास्त जोर हवाच असेल तर फ्लायव्हीलच्या नटवर पाना लावून घड्याळाच्या दिशेने, वरून पाहिल्यावर जी दिसते त्या दिशेने, दाब द्या. उलट दिशेने दिलात तर नट सुटेल, पिस्टन नाही. पान्याला लांब पाइप जोडायचा मोह टाळा.

आठ-दहा दिवसांत काहीच हललं नाही तर हेड काढावं लागतं. पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके देतात, पण पिस्टन अगदी वरच्या किंवा खालच्या टोकाला असेल तर ठोक्याचा सगळा मार क्रँक आणि बेअरिंगवर जातो, फिरणं होत नाही. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. रिंग तिथे अडकून तुटू शकते, हेही ध्यानात ठेवा.

पिस्टन सुटला म्हणजे काम संपलं असं समजून लगेच दोरी ओढणारे बरेच. आधी एक्झॉस्टच्या बाजूचं झाकण काढून रिंगा आणि स्लीव्ह बघा. रिंगा आपल्या खाचेत मोकळ्या आहेत का, बोटाने दाबून कळतं. स्लीव्हवर खोल ओरखडे किंवा चोपडलेलं अॅल्युमिनियम दिसलं तर पुढचं काम लेथवाल्याचं. सगळं ठीक असेल तर पहिल्या टाकीला ऑइल नेहमीच्या दुप्पट घाला आणि मोटर कमी वेगावर चालवा.

फ्लायव्हील: पुलरशिवाय हात नको

खालचे पॉइंट किंवा कॉइल बघायची तर फ्लायव्हील काढावं लागतं. ते निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेलं असतं. दोन बाजूंनी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं आणि वरून हातोडी मारायची ही पद्धत सर्रास दिसते. तीच सगळ्यात जास्त नुकसान करते. बहुतेक फ्लायव्हीलवर मध्याजवळ तीन आट्यांची भोकं दिलेली असतात. पुलर त्यांनाच बोल्टने जोडायचा, काठाला आकडे अडकवायचे नाहीत. नट पूर्ण काढायचा नाही. तो शाफ्टच्या टोकाशी समपातळीत आणून ठेवला की टोकाचे आटे वाचतात. पुलर घट्ट आवळा, मग त्याच्या मधल्या स्क्रूवर एक नेमका ठोका. नाही सुटलं तर आणखी थोडं आवळा, पुन्हा एक ठोका. फ्लायव्हील सुटतं तेव्हा फाटकन आवाज येतो. त्या आवाजाने दचकू नका.

पायाची बाजू

लोअर युनिटचे सगळे बोल्ट निघाले, लपलेलाही निघाला, गिअरची दांडीही सुटली, तरी पाय खाली येत नसेल तर ड्राइव्ह शाफ्टचे दाते वर क्रँकमध्ये गंजून बसलेत असं समजा. लाकडी हातोड्याने पायाला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ठोके द्या. सांध्यात फट दिसू लागली की वरच्या बाजूला तेल जाऊ द्या आणि एक रात्र थांबा. सांध्यात लोखंडी पाचर ठोकली की कडा दबतात आणि पुढे तिथून गळती होते. लाकडी पाचर आणि तीही दोन्ही बाजूंनी सारखी. कशालाच दाद देत नसेल तर फटीतून पातळ ब्लेडने ड्राइव्ह शाफ्ट कापून टाकणं हा शेवटचा उपाय. वाईट वाटतं, पण शाफ्ट गेला तर दुसरा मिळू शकतो. क्रँक गेला तर मोटरच गेली.

प्रोपेलर चिकटला असेल तर मागून लाकूड लावून ठोका. त्याच्या पोटात रबर असतं, म्हणून ज्योत लावू नका. पाण्याचा इम्पेलर शाफ्टला धरून बसला असेल तर तो वाचवायच्या भानगडीत पडू नका. तो तसाही दर एक-दोन वर्षांनी बदलायचाच असतो. कापून काढा, फक्त शाफ्टवर ओरखडा येऊ देऊ नका.

वळवायची नळी जड झाली असेल तर निपलचं तोंड आधी साफ करा. नळीच्या बाहेरून गरम हवा द्या, मोटर डावी-उजवीकडे हलवत राहा आणि नवं ग्रीस भरत जा. जुनं, काळं, मातीसारखं ग्रीस खालून बाहेर पडून नवं दिसू लागेपर्यंत भरायचं. हँडलला लोंबकळून जोर लावला तर हँडलच तुटतं.

मोटर पाण्यात पडली तर

होडी उलटली किंवा मोटर सुटून नदीत गेली, तर ती वर काढल्यावर माणूस पहिल्यांदा ती उन्हात वाळवायला ठेवतो. अगदी उलट करायला हवं. गंज पाण्यात बुडाल्याने जेवढा चढत नाही तेवढा बाहेर काढून हवा लागल्यावर चढतो. लगेच गोड्या पाण्याने आतबाहेर धुवा, प्लग काढा, भोकं खाली करून पाणी काढा, कार्बुरेटर रिकामा करा, सिलिंडरमध्ये ऑइल सोडा. फ्लायव्हील हाताने फिरवताना कुठे घासतंय असं वाटलं तर मोटर चालू करू नका. चालू असताना पाण्यात गेली असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. सगळं मोकळं फिरत असेल तर दोन-तीन तासांच्या आत चालू करून तापू द्या.

मेकॅनिक उद्याच मिळणार असेल तर? मोटर गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण हवा लागत नाही तोवर ती सुरक्षित असते. पिंपातून काढली की मात्र थांबायचं नाही.

परत बसवताना

जाम सोडवण्यात आठ दिवस घालवलेला माणूस परत बसवताना बोल्ट कोरडेच लावतो आणि पुढच्या वर्षी त्याच जागी येऊन पोचतो. प्रत्येक बोल्टच्या आट्यांना मरीन ग्रीस लावा. बाजारात तांब्याची पेस्टही मिळते. ती लोखंडी इंजिनाला ठीक, पण खाऱ्या पाण्यातल्या अॅल्युमिनियमला तांबं आणखी खातं. निकेलची किंवा जस्ताची पेस्ट चालेल. ड्राइव्ह शाफ्टच्या दात्यांना ग्रीस हवंच. फक्त दांड्याच्या अगदी माथ्यावर गोळा ठेवू नका, नाहीतर तो दबून पाय नीट वर बसत नाही.

पायाला लावलेला जस्ताचा तुकडा बघा. त्याचं काम स्वतः झिजून अॅल्युमिनियम वाचवणं हे आहे. तो निम्मा झिजला असेल तर बदला. नवा दिसावा म्हणून त्याला रंग मारणारे आहेत. रंग मारला की तो कामातून गेला.

मे अखेरीस मोटर उतरवताना एवढं करा:

- गोड्या पाण्याच्या पिंपात मोटर दहा मिनिटं चालवा, म्हणजे आतल्या वाटांमधलं मीठ धुऊन निघेल.
- पेट्रोलची नळी काढून कार्बुरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवा.
- प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, दोरी हळू दोनदा ओढा, प्लग परत लावा.
- गिअरचं ऑइल तपासा. दुधाळ दिसलं तर सील गेलंय, पाणी आत आहे.
- सगळ्या निपलांना ग्रीस द्या, प्रोपेलर काढून शाफ्टला ग्रीस लावून परत बसवा.
- मोटर उभी ठेवा, ताडपत्रीखाली हवा खेळू द्या.
- पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी फ्लायव्हील हाताने थोडं फिरवा.

कुठे थांबायचं?

हे सगळं घरी जमणारं आहे, पण तीन ठिकाणी हात आखडता घ्यावा: बोल्ट रबरासारखा पिळू लागला तर, ड्रिल मध्यापासून सरकायला लागलं तर, आणि फ्लायव्हील फिरताना आतून धातूचा घासल्याचा आवाज आला तर. इथपर्यंत आणलेली मोटर मेकॅनिककडे नेली तर तो उरलेलं काम करू शकतो. यापुढे जाऊन नेली तर तो फक्त भंगाराचा भाव सांगू शकतो.

आणि नेताना एक करा. काय काय करून झालं, किती दिवस तेल घातलं, कुठे जोर लावला, ते खरं सांगा. पाइप लावला असेल तर तेही.